पहाटे तीनचं दळण

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

मी ४६ वर्षांचा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी एका रात्री साडेदहाला अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, छातीत जळजळू लागलं. ‘पित्त झालंय, सोडा दे,’ म्हणाले. मी सोडा दिला. ‘गाडी काढू का?’ विचारलं, तर ‘सकाळी बघू’ म्हणाले. पहाटे साडेचारला ते गेले. पुढे काही महिन्यांनी मला नैराश्याचं निदान झालं. दीड वर्ष गोळ्या चालू आहेत. जेवण, शाळा, व्यवहार बऱ्यापैकी रुळावर आलं, पण रोज पहाटे तीनला जाग येते आणि तीच रात्र सुरू होते. मी गाडी का काढली नाही? मी असा कसा? बायको म्हणते, ‘पुरे करा आता तेच दळण.’ थोरला भाऊ म्हणतो, ‘शेतात राबणाऱ्याला असले आजार होत नाहीत.’ परवा मोबाइलवर वाचलं की नैराश्यात मेंदूतल्या ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ची जोडणी बिघडते, म्हणून तेच तेच विचार येतात. शहरातलं एक सेंटर ‘ब्रेन मॅपिंग’ करून ही जोडणी दाखवतं, खर्च ३५ हजार. रिपोर्ट हातात आला की भावाचं तोंड बंद होईल. करून घेऊ का? वायरिंगच बिघडलं असेल तर गोळ्यांचा उपयोग काय? माझ्या मुलीलाही हे होईल का? आणि खरं सांगायचं तर, हे विचार थांबले तर अण्णांना विसरल्यासारखं होईल, याचीही भीती वाटते.

उत्तर :

नमस्कार गुरुजी,

गावात तुम्हाला गुरुजीच म्हणत असतील, म्हणून मीही तेच म्हणते. आधी पैशांचं बोलू. ॲडव्हान्स भरला नसेल तर भरू नका. भरला असेल तर परत मागा. नाही मिळाला तर तेवढ्यावरच सोडून द्या, पण उरलेले पैसे त्यात घालू नका. का, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखं वाचून अस्वस्थ झालेल्या आणखी तिघांची पत्रं या महिन्यात माझ्या टेबलावर आहेत.

तुम्ही वाचलेली ही जोडणी संशोधक पाहतात ती एमआरआय यंत्रानं. पण एमआरआय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो मेंदूचा फोटो : गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, कुठे इजा आहे का. तशी शंका तुमच्या डॉक्टरांना आली तर ते स्वतः लिहून देतील आणि तेव्हा तो जरूर काढा. तुम्ही वाचलंत ते फंक्शनल एमआरआयबद्दल, आणि ते प्रकरण वेगळं आहे. त्यात माणसाला यंत्रात पाच-दहा मिनिटं नुसतं पडून राहायला सांगतात. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण सतत किंचित वर-खाली होत असतं, ते यंत्र मोजतं. दोन भाग एकाच तालात वर-खाली होत असतील तर त्यांची ‘जोडणी’ आहे असं म्हणतात.

म्हणजे वायर कुणी पाहिलेली नसते. आपल्या गावात दोन घरांतली लाइट एकदम जाते आणि एकदम येते, तेव्हा आपण म्हणतो, ही एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, असणार. तसा तो अंदाज आहे. चांगला अंदाज आहे, पाया भक्कम आहे. भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये दाखवलं की हात हलवणारे मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूचे भाग हात स्वस्थ असतानाही एकमेकांच्या तालात चालतात. त्याआधी हा सगळा यंत्राचा खरखराट समजून बाजूला टाकला जायचा. तर ‘वायरिंग बिघडलं’ हा शब्द लेख लिहिणाऱ्यांचा लाडका आहे, पण मोजलेली गोष्ट तालाची आहे. तुटलेल्या तारेसारखं तिथे काही दिसत नाही.

आता त्या डिफॉल्ट मोड नेटवर्कबद्दल. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीराची वीस टक्के ऊर्जा तो खातो, आणि आपण रिकामे बसलो म्हणून त्याचं खाणं फारसं कमी होत नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस राइकल यांच्या गटाला दिसलं की माणसाला एखादं काम दिलं की मेंदूचे काही ठरावीक भाग शांत होतात आणि काम संपलं की पुन्हा जागे होतात. कपाळामागचा मधला भाग, डोक्याच्या मागच्या बाजूचा मधला भाग, कानाच्या वर थोडं मागे. २००१ साली त्यांनी या अवस्थेला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं. हे भाग करतात काय? जुनं आठवणं, उद्याचं चित्र रंगवणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल ते ताडणं आणि ‘मी’बद्दल विचार करणं. वर्गात गोष्ट सांगताना एखाद्या पोराचा चेहरा पडला आणि ‘याच्या घरी काहीतरी झालंय’ असं तुमच्या लक्षात आलं, तर तिथेही हेच जाळं राबत असतं. लेखात त्याला खलनायक केलं असेल तर ते अन्यायाचं आहे.

नैराश्यात या जाळ्याचं काहीतरी वेगळं चालतं, हे खरं आहे. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाला दिसलं की नैराश्य असलेल्यांमध्ये कपाळामागे खोलवर असलेला, खिन्नतेशी संबंधित असा एक छोटा भाग या जाळ्याशी जास्त तालात चालतो. पुढे २०१५ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांनी याचा संबंध तेच तेच उगाळण्याशी जोडला. तुम्ही वाचलेला लेख बहुधा इथेच संपला असेल. पण गोष्ट इथे संपत नाही. २०१९ मध्ये चीनमधल्या पंचवीस संशोधन गटांनी आपली माहिती एकत्र केली : नैराश्याचे १३०० रुग्ण आणि ११२८ निरोगी माणसं. इतक्या मोठ्या संख्येत पाहिल्यावर, ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा आलं होतं त्यांच्यात या जाळ्यातली जोडणी उलट कमी निघाली, आणि ती कमी होण्याचा संबंध औषध चालू असण्याशीही दिसला.

मग खरं काय? दोन्ही बाजूंचे अभ्यास प्रामाणिक आहेत. औषध, आजाराचा टप्पा, मोजण्याची पद्धत, सगळ्यानं आकडा हलतो. संशोधनाच्या जगात हे रोजचंच आहे. पण यातून तुमच्या ३५ हजारांबद्दल एक गोष्ट स्पष्ट होते. हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. दोन शाळांच्या दहावीच्या सरासरीत तीन मार्कांचा फरक असेल, तर एखाद्या पोराचे मार्क बघून ते कुठल्या शाळेचं हे सांगता येईल का? एका माणसाच्या फंक्शनल एमआरआयवरून त्याला नैराश्य आहे की नाही हे डॉक्टर आज ठरवत नाहीत. ठरवलं जातं ते तुमच्याशी बोलून, किती दिवस, काय काय, किती त्रास, हे विचारून. ते निदान तुमचं झालेलं आहे. त्या रंगीत चित्रानं त्यात भर पडणार नाही.

राहिला भाऊ. इथे मी तुमच्या गृहीतकालाच हात घालते. तुम्हाला वाटतं, कागद दाखवला की तो मानेल. समजा, कागदावर आलं : नॉर्मल. नैराश्याच्या बहुतेक माणसांचा साधा एमआरआय नॉर्मलच येतो. मग? त्याच्या हातात तुम्हीच पैसे मोजून कोलीत दिलेलं असेल, ‘बघ, डोक्यात काही नाहीये.’ आणि समजा रिपोर्टमध्ये लाल-निळे डाग आलेच, तर ‘मास्तर, तुझं डोकं फिरलंय’ म्हणायला तो मोकळा. शिवाय शेतात राबणाऱ्याला नैराश्य येत नाही हे महाराष्ट्रात बसून म्हणणाऱ्याचं मत एमआरआयनं बदलेल, असं मला वाटत नाही. एक शंका मात्र माझ्या मनात आहे. त्या रात्री वडील गेले ते त्याचेही. तो तीन वर्षांत त्याबद्दल तुमच्याशी किती वेळा बोललाय? पत्रात त्याचा उल्लेख नाही. त्याचा हा कडकपणा म्हणजे कदाचित त्याची स्वतःची पहाट असेल. हा अंदाज चुकीचाही असू शकतो. पण पुढच्या भेटीत त्याला पटवण्याऐवजी एवढंच विचारून पाहा, ‘तुला अण्णांची आठवण कधी येते रे?’ तो नांगर, बैल, पाणी असलं काहीतरी उत्तर देईल. ते ऐकून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न : जोडणीच बिघडली असेल तर उपयोग काय?

मेंदूत या जाळ्याखेरीज आणखी दोन मोठी जाळी कामाला असतात. एक ठरवून काम करणारं : गणित सोडवताना, वेळापत्रक लावताना. दुसरं रेल्वेतल्या सांध्यासारखं : आता आतल्या विचारांत राहायचं की बाहेरच्या कामाकडे वळायचं हे ते बदलतं. स्टॅनफर्डमधले विनोद मेनन यांनी २०११ मध्ये ही तीन जाळ्यांची मांडणी केली. नैराश्यात हा सांधा जड होतो असं समजा. गाडी आतल्या रुळावर गेली की तिथेच फेऱ्या मारते. पण सांधा जड होणं आणि रूळ उखडणं यात फरक आहे, आणि सांध्याला तेल घालता येतं. अमेरिकेत, पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या किशोरवयीन मुलामुलींना या उगाळण्यावरच काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती देऊन आधी आणि नंतर फंक्शनल एमआरआय काढले गेले. २०१६ मध्ये छोटा अभ्यास झाला, २०२३ मध्ये मोठ्या गटावर पुन्हा तेच पाहिलं. उगाळणं कमी झालं, आणि या जाळ्याच्या मागच्या भागाचा इतर भागांशी असलेला जास्तीचा तालही कमी झाला. बोलून, सराव करून ताल बदलला. म्हणजे तुम्ही ज्याला शिक्का समजत होता तो पाटीवरचा खडू निघाला.

गोळ्यांचा उपयोग काय, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. जेवण, शाळा, व्यवहार रुळावर आलं म्हणता. ते काय आपोआप आलं? गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. अचानक सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा त्रास होतो आणि आजार परतण्याची शक्यता वाढते. मात्र गोळ्यांनी बरं वाटलं तरी उगाळण्याची सवय मागे राहू शकते. तुमच्यासारख्याच, गोळ्या घेऊनही थोडं नैराश्य उरलेल्या ४२ माणसांवर इंग्लंडमधल्या एक्सेटरचे एडवर्ड वॉटकिन्स यांनी २०११ मध्ये अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला उगाळण्यावर काम करणारी सत्रं. दुसऱ्या गटाला स्पष्ट फायदा झाला. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘बरं आहे’ म्हणून उठू नका. ‘पहाटे तीनला जाग येते आणि दोन तास तेच विचार’ हे शब्द तसेच्या तसे सांगा. पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. डॉक्टरांना ते कळलं तर गोळीची मात्रा, वेळ किंवा गोळीच बदलावी का याचा ते विचार करू शकतील. आणि विचारा, सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती, करणारं जवळपास कुणी आहे का.

आता त्या दळणाकडे येऊ. तुमच्या बायकोनं वापरलेला शब्द मला फार आवडला, कारण पूर्वी आपल्याकडे पहाटे तीनलाच घराघरात जातं फिरायचं. पण त्या दळणातून पीठ पडायचं. वैरण घालायची, म्हणजे मूठमूठ दाणे घालत राहायचं, आणि सकाळी भाकरीची सोय व्हायची. तुमच्या जात्यात दाणा नाही. रिकामं जातं फिरवलं की दगडावर दगड घासतो आणि दगडच झिजतो.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. विचार वाईट की चांगला हे सोडून द्या. पंधरा मिनिटं विचार केल्यावर पीठ पडलं का? नवीन काही कळलं, काही ठरलं, निदान मन थोडं हलकं झालं? असेल तर करा विचार, अर्धा तास करा. नसेल तर ते उगाळणं आहे. मानसशास्त्रज्ञांनीही हा भेद केलाय. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या विषयावर आयुष्य घालवलं. कॅलिफोर्नियात १७ ऑक्टोबर १९८९ रोजी मोठा भूकंप झाला, त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची पाहणी केलेली होती, निव्वळ योगायोग. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि मग सात आठवड्यांनी पुन्हा पाहिलं. ज्यांना आधीपासून स्वतःची उदासी उगाळायची सवय होती त्यांच्यात नंतर नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. पुढे त्यांच्या गटानं उगाळण्याचेही दोन प्रकार वेगळे केले : एक ‘माझ्याच वाट्याला का’ म्हणत कुढणं, दुसरं शांतपणे कोडं सोडवायला बसणं. घात करतं ते मुख्यतः पहिलं.

तुमचे दोन प्रश्न बघा. ‘मी गाडी का काढली नाही?’ ‘मी असा कसा?’ दोन्ही प्रश्नचिन्हाची टोपी घातलेले निकाल आहेत. त्यांना उत्तर नाहीच, म्हणून ते रोज येतात. वॉटकिन्स यांच्या पद्धतीचा गाभा इथेच आहे : ‘का’ सोडून ‘कसं’ आणि ‘काय’ विचारा, आणि हवेतल्या वाक्यांवरून बारीक तपशिलावर या.

तर एक दिवस, दिवसाउजेडी, सुट्टीच्या सकाळी, वही घ्या. समुपदेशक मिळाला तर त्याच्याबरोबर करा, ते जास्त बरं. ती रात्र वेळेप्रमाणे लिहा. साडेदहा : अण्णा काय म्हणाले, कुठे बसले होते, त्या क्षणाला मला काय माहीत होतं. अकरा : सोडा दिला, ढेकर आली का, काय म्हणाले. मी काय विचारलं. त्यांनी काय उत्तर दिलं. प्रत्येक वेळेपुढे फक्त तेव्हा माहीत असलेलं लिहायचं. पहाटे साडेचारला कळलेली गोष्ट साडेदहाच्या ओळीत घुसू द्यायची नाही. लिहिता लिहिता छाती भरून आली, श्वास लागला, तर वही मिटून बाहेर पडा; शूरपणा दाखवायचा नाही.

लेकरू बुडतंय हे माहीत असून तुम्ही काठावर बसला नव्हता. पित्त झालंय असं सांगणाऱ्या एका जाणत्या माणसाला तुम्ही सोडा दिलात आणि वर गाडीचं विचारलंत. गाडी काढली असती तर? छातीत दुखताना वेळ महत्त्वाचा असतो हे मी नाकारणार नाही. ‘काहीच फरक पडला नसता’ असं सांगून तुमची समजूत काढणं मला जमणार नाही, आणि तुम्ही ते मानणारही नाही. पण एक विचारते. त्या रात्रीच्या तुमच्या गोष्टीत सगळे निर्णय तुमचे आहेत. ‘सकाळी बघू’ कोण म्हणालं? ७१ वर्षं स्वतःच्या मर्जीनं जगलेल्या माणसाला त्याच्या शेवटच्या रात्रीत तुम्ही काहीच ठरवू देत नाही आहात. हा तुम्हाला अण्णांचा मान वाटतो का?

विचार थांबले तर विसरल्यासारखं होईल, या भीतीवर मी दोन दिवस अडखळले. तुमच्या लेखी हे दळण म्हणजे हप्ता आहे : रोज पहाटे भरायचा, मुद्दल कधीच न फिटणारं. सावकार कोण, हे एकदा बघा. अण्णा तर नक्कीच नाहीत. पश्चात्तापाचा उपयोगी भाग वेगळा काढता येतो, आणि तो पहाटे तीनला नाही, दिवसा वापरायचा असतो. तुमच्या हातात शाळा आहे. छातीत जळजळ, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, अशी लक्षणं दिसली तर पित्त समजून थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. एवढं तुम्ही सातवी-आठवीच्या पोरांना शिकवू शकता, पालकसभेत सांगू शकता. २०१४ पासून आपल्या राज्यात ही रुग्णवाहिका सेवा आहे आणि अजून कितीतरी घरांत आधी सोडा शोधला जातो. या दळणातून पीठ पडेल.

आता रोजचं. विचार दाबायला जाऊ नका. औषध घेताना माकडाचा विचार करू नका म्हणणाऱ्या वैद्याची गोष्ट तुम्ही वर्गात सांगितली असेल. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगशाळेत लोकांना ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगून हेच दाखवलं. थांबवायला गेलं की ते उसळून येतं. त्याऐवजी त्याला वेळ नेमून द्या. रोज संध्याकाळी सहा ते सहा-वीस, एकच जागा, पडवीतली खुर्ची किंवा ओटा चालेल, बिछाना नको. त्या वीस मिनिटांत मनसोक्त उगाळा, वहीत लिहा. दिवसभरात किंवा पहाटे विचार आला की म्हणायचं, सहाला बघू. पहिल्या आठवड्यात हसू येईल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सहा वाजता उगाळायला काही सुचेनासं होतं, असा अनेकांचा अनुभव आहे.

तीनला जाग आली की कूस बदलत पडून राहू नका. थोड्या वेळात झोप लागत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा. हाताला काम द्या : लसूण सोला, वह्यांना कव्हरं घाला, शेंगा फोडा. कंटाळवाणं पण हात गुंतवणारं काहीही. मोबाइल नको, विशेषतः मेंदूवरचे लेख नकोत. झोप आली की परत जा.

आणि चाला. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी ३८ जणांना दीड तास चालायला पाठवलं, निम्म्यांना गवताळ, झाडीच्या माळावर, निम्म्यांना वाहत्या हमरस्त्याच्या कडेनं. माळावरून आलेल्यांचं उगाळणं कमी झालं होतं आणि मघाशी सांगितलेल्या त्या खिन्नतेच्या भागातली हालचालही मंदावली होती. तुमच्याकडे अशा माळांना तोटा नाही. लोक पैसे देऊन तिथे रिसॉर्टला येतात. छोटाच अभ्यास आहे, पण चालायला फी नाही.

चालणं, पोरांना घेऊन खेळणं, भजनाला जाणं, या गोष्टी उपचाराच्या शेजारच्या वाटतात. त्या उपचारच आहेत. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेनं एक प्रयोग केला, २०१७ मध्ये त्याचे निकाल आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटी दिल्या. भर कशावर? मनाला बरं करणारी कामं ठरवायची, लिहायची, करायची. ४९५ जण होते. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजाराच्या रेषेखाली आले, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी ३९ टक्के. मन तयार होईल मग करीन, असं म्हणत बसायचं नाही, असं त्यांचं सांगणं. आधी पाय, मागून मन.

वहिनींसाठी दोन ओळी. ‘पुरे करा’ म्हणून ते थांबत नाही, आणि रोज तासभर ऐकत बसलात तर जातं दोघांनी फिरवल्यासारखं होतं. दहा मिनिटं ऐका, मग ‘चला, मेथी निवडू लागा’ म्हणा. हे रागावून नको, हाक मारल्यासारखं. तीन वर्षं तुम्हीही तीनला जाग्या होत असाल, गुरुजींना कळू न देता. तुमच्या झोपेचंही कुणीतरी विचारायला हवं.

मुलीबद्दल. नैराश्यात आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो साधारण ३५ ते ४० टक्के धरतात. पण ही तिला आजार होण्याची शक्यता नव्हे. माणसामाणसांतला फरक कशाकशानं पडतो त्याचा तो हिशेब आहे. तिला वारसा द्यायचाच तर हा द्या : बाबांना त्रास झाला, बाबा डॉक्टरांकडे गेले, घरात त्याबद्दल उघड बोललं गेलं.

आणि एक प्रश्न, सरळ विचारते. पहाटेच्या त्या दोन तासांत ‘आपण नसलेलं बरं’ असं कधी मनात येतं का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा पत्रांत लोक ते लिहीत नाहीत. येत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, आणि वहिनींना त्याच रात्री उठवा. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. नैराश्य नसलेला, पण पहाटे जागा असणारा कुणीही वाचक हा नंबर लिहून ठेवू शकतो.

एक राहिलं. तुमच्या मूळ पत्रात त्या सहा तासांवर दोन पानं आहेत. आधीच्या ७१ वर्षांवर फक्त एक ओळ आहे, कंसात : ‘(अण्णा पट्टीचे पोहणारे होते, मलाही विहिरीत त्यांनीच शिकवलं).’ नैराश्यात आठवणी अशाच गोळाबेरीज होऊन येतात, तपशील गळून पडतात. मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी १९८० च्या दशकातच हे नोंदवलं होतं. म्हणून पुढच्या पत्रात मला ती विहीर सांगा. कुणाच्या मळ्यातली? पाठीला काय बांधलं होतं, सुका भोपळा की पत्र्याचा डबा? आणि पहिल्यांदा सोडलं तेव्हा ते वर कठड्यावर उभे होते की खाली पाण्यात?